शनीकडे निघालेली माणसं आणि आमच्या घरचा केर

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पुढे ती भिंगरी बँकेच्या काउंटरमागे खुर्चीत बसवली गेली, पण थांबली नाही. टेबलाखाली माझा पाय सारखा हलत असे आणि शेजारचा कॅशियर वैतागून म्हणत असे, "मॅडम, भूकंप बंद कीजिए."

त्या वर्षी आमची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली. विलीनीकरण हा शब्द कानाला गोड वाटतो. प्रत्यक्षात एका सकाळी ग्वाल्हेरच्या नई सडकवरच्या आमच्या शाखेवरून पाटी उतरवली गेली आणि नवी लावली गेली. नवी पाटी आखूड निघाली. तिच्या दोन्ही बाजूंना जुन्या पाटीखालचा, ऊन न लागलेला भिंतीचा रंग उघडा पडला आणि तसाच राहिला. त्याच रस्त्यावर, थोड्या दुकानांपलीकडे, त्या मोठ्या बँकेची शाखा आधीपासून होती. इतकी वर्षं आम्ही त्यांचे ग्राहक पळवायचो, ते आमचे. आता म्हणे आपण सगळे एक कुटुंब. पण एका रस्त्यावर एकाच बँकेच्या दोन शाखा कशाला हव्यात, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एक बंद होणार होती. कोणती, आणि कोणाला कुठे पाठवणार, ते मात्र कोणी सांगत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी मनानं बदली होऊन सतन्याला गेलेली असायची, चहापर्यंत रायपूरला. ग्राहक विचारायचे, "मॅडम, पैसा तो सेफ है ना?" मी म्हणायची, "पैसा सेफ है, भैया. मेरा पता नहीं."

घरी आम्ही दोघीच. नई सडक आणि टोपी बाजार यांच्या मधल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं सांगायची ही जागा नव्हे. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. भाऊ पुण्याला. त्याच्याकडे नवीन वस्तू आली की जुनी आमच्याकडे येते. आधी फोन आला, मग मिक्सर, आणि त्या वर्षी लॅपटॉप. त्यात त्याच्या मुलांनी एक खेळ ठेवून दिला होता. आपण अंतराळयान बांधायचं, टाक्या, इंजिनं, माणसं बसायची कुपी असं सगळं एकेक जोडून. मग ते उडवायचं आणि हव्या त्या ग्रहाकडे न्यायचं. इंधन कमी पडलं की संपलं. कोणी दया दाखवत नाही.

मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं होतं. त्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला. चंद्रावर मी दोन-तीन रविवारांत जाऊन आले. चंद्र म्हणजे आमच्या गावाला लागून असलेलं मुरार. टेम्पोत बसा, जाऊन या. मंगळाचंही फार अप्रूप राहिलं नाही. मला अशा ठिकाणी जायचं होतं जिथे बदलीचा हुकूम पोचत नाही. मी शनी निवडला. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन, त्यावर माणसं उतरवायची.

आई मेथी निवडत समोर बसलेली. ती म्हणाली, "शनीकडे आपणहून कोण जातं गं? तो तर स्वतःच येतो, साडेसात वर्षांसाठी."

"मी जाते आहे. पोचायलाच सातेक वर्षं लागतात."

"बघ. म्हणजे हिशेब बरोबर आहे त्याचा," असं म्हणून तिनं मेथीच्या काड्या गोळा केल्या.

तिला खेळात काही रस नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यात तीन चेहरे दिसले त्या दिवशी मात्र ती चष्मा लावून जवळ आली. दोन पुरुष, एक बाई. यान हललं की त्यांचे डोळे मोठे होत, यान स्थिरावलं की ते हसत.

"ह्यात माणसं बसली आहेत?"

"हो. तिघं."

"मग ह्यांच्या परत यायचं काय इंतजाम केलाय तू?"

मी काहीच केला नव्हता. म्हटलं, "आधी पोचू तर दे."

"असं नाही चालत. परत यायचं आधी बघ, मग जा." मग त्या बाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हिची आई कुठे असते?"

"आई, खेळात आई नसते."

"असं कसं नसते," ती म्हणाली आणि आमटी बघायला गेली.

मला तिचा राग आला, पण तिचं म्हणणं खरं होतं. परतीचं इंधन न्यायचं म्हटल्यावर यान इतकं मोठं झालं की ते जमिनीवरून हलेना. शेवटी मी ते दोन भागांत वर पाठवलं, म्हणजे पृथ्वीभोवती फिरता फिरता ते एकमेकांना जोडायचे. अर्धा आठवडा दोन्ही भाग एकमेकांजवळ आणण्यात घालवला. जवळ आले तेव्हा कळलं, एकाचं जोडणीचं तोंड मोठं आहे आणि दुसऱ्याचं लहान. ऑफिसातही त्याच आठवड्यात दोन बँकांची सॉफ्टवेअरं एकमेकांत बसत नव्हती आणि पेन्शनवाल्यांची रांग पायऱ्यांपर्यंत आली होती. मी दोन्हीकडे सारख्याच शिव्या घातल्या. आई म्हणाली, "घाई करतेस, म्हणून होतं असं. सोयरीक जुळवताना आधी माप नाही का बघत?"

पुन्हा बांधलं. या वेळी माप बघून.

निघायचा मुहूर्त आईनं ठरवला, रविवार सकाळ. शनिवारी तिनं नाहीच म्हटलं. मी बटण दाबणार इतक्यात ती वाटी घेऊन आली आणि माझ्या तळहातावर दही-साखर घातली. यानातल्या तिघांना देता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या वाटचंही मलाच. आमच्या घरात परगावी निघालेल्या माणसाच्या हातावर दही घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. मी दही चाटलं, हात पुसला आणि यान उडवलं. जोडणी पहिल्याच फटक्यात बसली. मोठं इंजिन पेटलं आणि तिघं शनीच्या वाटेला लागले.

मागे पृथ्वीभोवती रिकाम्या टाक्या, गळून पडलेली टोपणं, तुटकी इंजिनं असा पसारा फिरत राहिला. या पसाऱ्यानं लॅपटॉप रखडतो. खेळात सोय आहे, यादीत जाऊन एक बटण दाबलं की सगळा कचरा नाहीसा. मी यादी उघडली.

"काय करतेस?"

"कचरा काढते."

आईनं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. "हात लावू नको. माणसं आत्ता बाहेर पडली आणि तू त्यांच्या मागे केर काढतेस?"

घरातून कोणी प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ लगेच झाडायचं नाही, हे मला ठाऊक होतं. माणूस कायमचा गेला, तिरडी उठली, म्हणजे मगच लगेच झाडतात. पण हे घराचं झालं. मी म्हटलं, "अगं, हा खेळ आहे. ती माणसं खोटी आहेत."

"असू दे खोटी. बसली तर आहेत ना."

तिचा आवाज असा होता की मी यादी बंद केली. मग तिनं मला तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. आधी कधी सांगितली नव्हती.

आईचे वडील, म्हणजे आमचे नाना, मोतीमहालातल्या सचिवालयात होते. संस्थान गेलं आणि मध्यभारत झालं, तेव्हा राजधानी दोन गावांत वाटलेली होती. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. ऊन तापायला लागलं की कचेरी इंदूरला जायची, थंडी पडायच्या आत परत यायची. नाना दर वर्षी वळकटी बांधून जात, दर वर्षी परत येत. घराला त्याची सवय झाली होती. पुढे मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि नानांना तिकडे जायचा हुकूम आला. घरातल्या कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. सगळ्यांना वाटलं, इंदूर तसं भोपाळ. कचेरी गेली आहे, थंडीत येईल. नाना म्हणाले, दोन महिन्यांत क्वार्टर मिळालं की सगळ्यांना बोलावतो. तेही कोणी फारसं ऐकून घेतलं नाही, कारण परत यायचेच आहेत तर जायचं कशाला. वळकटीतला पेंढा अंगणात सांडला होता. नानांचा टांगा कोपऱ्यावर वळला आणि आठ वर्षांच्या आईनं खराटा घेऊन अंगण झाडून लख्ख केलं. आजीनंही तिला अडवलं नाही. इंदूरला जाणाऱ्या माणसाच्या मागे कोण एवढं पाळतं?

"मग? नाना तिकडे वारले का?" मी विचारलं.

"छे. चांगले रिटायर होईपर्यंत होते. सणावारी यायचे." आईनं पदर सारखा केला. "क्वार्टर काही मिळालं नाही. आणि यायचे ना, तर मेहमान बनून यायचे. ते येणार म्हटलं की आई घर झाडून-पुसून ठेवायची, नवी चादर काढायची. आम्हाला ताकीद, दंगा नाही करायचा. पाणी तबकात. एकदा त्यांना तांब्या हवा होता, तर त्यांनी मला विचारलं, बेटा, तांब्या कुठे असतो? त्यांच्याच घरात."

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत भोपाळचं नाव सवतीसारखं घेतात. राजधानी गेली, कचेऱ्या गेल्या, रुबाब गेला, ही रड मी लहानपणापासून ऐकली आणि तिला कंटाळलेही होते. तांब्याची गोष्ट त्यात कधी आली नव्हती.

तिघं निघाले होते, पण शनी अजून कुठच्या कुठे. खेळात काळ पळवता येतो. एक कळ दाबली की दिवस मिनिटांत जातात, अजून दाबली की महिने. मी ती कळ दाबून ठेवायची. मला ते फार आवडायचं. ऑफिसात मात्र अशी कळ नव्हती. रोज कोणीतरी म्हणे, बदल्यांची लिस्ट आज येणार. रोज येत नसे. माझी झोप उडाली, अन्न गोड लागेना, पावतीवर सही करताना हात तिसरीकडेच. मी आईला म्हणायची, बदली आली तर दोघी जाऊ. ती म्हणायची, "मी ग्वाल्हेर सोडून कुठे येत नाही. तू जा." मी म्हणायची, मग मी नोकरी सोडते. ती म्हणायची, "फालतू बात नको करू." आणि तिथेच बोलणं संपायचं.

शनी आला तेव्हा मी तिला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. कडी बघून ती म्हणाली, "हा काय वाईट दिसतो गं? उगाच घाबरतात लोक." मग तिनं हात जोडले. तरी उगाच जोखीम नको म्हणून.

टायटनभोवती यान फिरायला लागल्यावर मी मोठी टाकी वेगळी केली. खाली उतरायला ते ओझं नको होतं. तळाशी थोडं इंधन उरलं होतं, पण माझ्या हिशेबात ती टाकी संपली होती. एरवी मी ती लगेच पुसली असती. त्या दिवशी आईकडे बघितलं आणि यादी उघडलीच नाही. तिघं नारिंगी धुक्यातून खाली उतरले. तिथली हवा इतकी दाट की हवाई छत्र्या उघडून यान पिसासारखं तरंगत गेलं. ती बाई पहिली उतरली. आईनं टाळ्या वाजवल्या. मी पण.

पुढल्या रविवारी दुपारी त्यांना परत उडवायचं होतं. इंजिन पेटवलं, यान धुक्यात शिरलं आणि फोन वाजायला लागला. एक मेसेज, दुसरा, मग शाखेच्या ग्रुपवर धडाधड. लिस्ट आली होती. मी एका हातानं यान धरलं, दुसऱ्या हातानं फोन. नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं, भोपाळ.

यान फार लवकर आडवं झालं होतं. दाट हवेत इंजिन नुसतं धगधगत होतं. मी भानावर येऊन सावरलं तेव्हा ते कसंबसं टायटनभोवती फिरायला लागलं, पण टाकीत घरी यायला पुरेल इतकं इंधन नव्हतं. कोपऱ्यातले तिघं हसत होते. त्यांना काय ठाऊक.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"अडकले," मी म्हटलं. मग म्हटलं, "भोपाळ."

मला वाटलं होतं ती रडेल. मीच रडले. आरडाओरडा केला, बँकेला नावं ठेवली, उद्याच राजीनामा देते म्हटलं, लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला. आईनं तो बाजूला केला आणि स्क्रीनकडे बघत विचारलं, "ती टाकी तू ठेवली होतीस ना? केर नव्हता काढला?"

टाकी होती. टायटनभोवती मुकाट फिरत होती. आणि यान मुळात तुकड्यांत जोडलं होतं म्हणून तिला जोडणीचं तोंडही होतं, या वेळी बरोबर मापाचं. संध्याकाळपर्यंत मी यान तिच्याजवळ नेत होते. नाक ओढत, डोळे पुसत, एक-एक ढकल देत. दोन्ही तोंडं एकमेकांत बसली तेव्हा आई म्हणाली, "आता तू जा भोपाळला."

"आणि तू?"

"मी इथे. दोघी गेलो तर परत कुठे येशील?"

त्या टाकीतलं उरलेलं इंधन पुरलं. तिघांना घराकडच्या वाटेला लावलं आणि मी सामान बांधायला घेतलं. लॅपटॉप बॅगेत घालत होते तर तिनं काढून घेतला. "हा इथेच राहील. ती माणसं इथून निघाली, इथेच येतील. शनिवारी तू आलीस की मग पुढे हाक." मी खूप वाद घातला. तिला घर सोडून माझ्याबरोबर चलायला सांगून पाहिलं, धमकावून पाहिलं. निघताना तिनं हातावर दही घातलं आणि म्हणाली, "आता जा, नाहीतर गाडी चुकेल." मी जिन्यावरून उतरले ते मागे न बघता. बघितलं असतं तर परत वर गेले असते.

भोपाळची खोली तळ्याच्या बाजूला होती आणि चांगली होती. मला ती एक दिवसही आवडली नाही. ऑफिसात टेबलाखाली पाय हलायचा, आणि इथे मला ओरडायलाही कोणी नव्हतं. सारखा नानांचा तांब्या आठवायचा. आई फोनवर विचारायची, जेवलीस? मी विचारायची, तू? यापलीकडे दोघींनाही काही सुचायचं नाही. पहिला शनिवार कामाचा गेला. दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. पहाटेची गाडी पकडली. सगळ्या वाटेत माझ्या डोळ्यांपुढे झाडलेलं-पुसलेलं घर, नवी चादर आणि तबकात पाणी. असं काही दिसलं तर मी काय करेन, ते मला कळत नव्हतं.

ते दिवस आंधीचे होते. स्टेशनवरून ऑटोत येता येता दातांत धूळ कचकचायला लागली. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "अच्छा हुआ आप आ गईं. मम्मी ने तो काम वाली को भी झाड़ू के लिए मना कर दिया."

मला काही कळलं नाही. वर गेले, दार ढकललं. आत पाऊल टाकलं तर चपलेखाली करकर झालं. चपला काढल्या, तर पायाखाली धूळच धूळ. जमिनीवर बोट फिरवलं असतं तर रांगोळी काढता आली असती. कोपऱ्यात कांद्याची सालं, खाटेखाली माझ्या सामानातली सुतळी, निघताना फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, सगळं होतं तसं. आमच्या आईचं घर. जिथे दिवसातून दोनदा झाडू फिरतो आणि एक केस दिसला तरी आम्ही बोलणी खाल्ली आहेत. त्या धुळीत तिच्या पावलांची एक वाट तेवढी पडलेली, ओट्यापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून लॅपटॉपच्या टेबलापर्यंत.

"आई, बरं नाहीये का तुला? किती दिवस केर नाही काढलास?"

"तू कुठे आली होतीस अजून?" ती म्हणाली.

मी दारातच उभी. तहान लागली होती, पण तिनं पाणी आणलं नाही, बस म्हटलं नाही, प्रवास कसा झाला विचारलं नाही. दारामागचा झाडू काढला आणि माझ्या हातात दिला.

"पाहुणी आहेस का? झाड."

मी ओढणी कमरेला खोचली आणि झाडायला लागले. दोन्ही खोल्या झाडल्या, खाटेखालून झाडलं, सुतळी काढली, सालं काढली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि धुळीचं नाव सांगायची सोय होती. आई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती आणि कुठे राहिलं ते बोटानं दाखवत होती. टेबलाखालून झाडू फिरवून मी उठले आणि लॅपटॉपवरची धूळ पुसायला लागले, तशी ती म्हणाली, "वरून पूस. आतला केर राहू दे. ते अजून पोचायचे आहेत."